सीपीयूचं झाकण काढावं का? डिलिडिंगबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर आठ-पंधरा दिवसांनी कोणी ना कोणी मेसेज करतं, दादा माझा प्रोसेसर ९५ डिग्रीला जातोय, डिलिड करू का. तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. मी नागपूरचा, माझ्याकडे इंटेलचा ७७००के प्रोसेसर आहे आणि तो मी स्वतः उघडलाय, त्याच्या आधी एक ४७७०के मारलाय सुद्धा, त्याची गोष्ट पुढे येईल.

डिलिड म्हणजे नक्की काय करायचं असतं?

प्रोसेसर हातात घेतला की वर जो चकचकीत चौकोनी पत्रा दिसतो ना, ज्यावर नाव-नंबर कोरलेला असतो, तो प्रोसेसर नाहीच मुळी. ते झाकण आहे, हीट स्प्रेडर. तांब्याचं असतं आणि वर निकेलचा मुलामा, आजीच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई असायची तसाच प्रकार. खरी चिप, म्हणजे डाय, त्याच्या खाली असते, नखाएवढा सिलिकॉनचा काळा आरसा. डाय आणि झाकणाच्या मध्ये कंपनीने एकतर सोल्डर (वितळवून चिकटवलेला धातू) भरलेलं असतं नाहीतर उष्णता पुढे नेणारी साधी पेस्ट. डिलिड म्हणजे ते झाकण उचकटायचं, मधली पेस्ट काढून लिक्विड मेटल (पाऱ्यासारखा पातळ धातू) लावायचं आणि झाकण परत बसवायचं, बस.

पण झाकण लावलंच कशाला मग? आधी नव्हतं ना?

नव्हतं. पेंटियम ३ कॉपरमाइन आणि अॅथलॉन एक्सपीच्या काळात डाय उघडाच असायचा आणि हीटसिंक (कूलरचा उष्णता खेचणारा धातूचा ठोकळा) डायरेक्ट त्यावर. त्या वेळी ज्यांनी पीसी जोडलेत त्यांना विचारा, हीटसिंकची क्लिप स्क्रू ड्रायव्हरने दाबताना डायचा कोपरा उडायचा आणि प्रोसेसर जागच्या जागी खलास. पेंटियम ४ पासून इंटेलने आणि अॅथलॉन ६४ पासून एएमडीने डेस्कटॉपला झाकण दिलं. त्यामुळे डाय वाचतो, आणि छोट्याशा जागेतली उष्णता मोठ्या पत्र्यावर पसरते. लॅपटॉपमध्ये आणि ग्राफिक्स कार्डांवर आजही बहुतेक ठिकाणी डाय उघडाच असतो, कारण तिथे कूलर कंपनीच बसवते, आपला हात लागत नाही.

मग सगळा गोंधळ सुरू कधी झाला?

२०१२ ला. त्याच्या आधीच्या वर्षीची इंटेलची पिढी सँडी ब्रिज, म्हणजे २६००के वगैरे, सोल्डर केलेला होता, ज्यांच्याकडे आहे ते अजून कॉलर टाइट करून सांगतात. मग आयव्ही ब्रिज आला, ३७७०के. बावीस नॅनोमीटर, डाय २१६ चौरस मिलिमीटरवरून १६० वर आला, कागदावर ९५ वॅटचा ७७ वॅट झाला, म्हणजे थंड चालायला पाहिजे होता की नाही, तर उलट ओव्हरक्लॉक केला (कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त स्पीडला पळवला) की जुन्यापेक्षा जास्त तापायला लागला. एक कारण म्हणजे कमी जागेत दाटीवाटीने उष्णता, ते समजू शकतो. पण लोकांनी झाकणं उचकटून बघितली तर आत सोल्डर नाही, पेस्ट!

तिथून पुढे हॅसवेल, स्कायलेक, कॅबी लेक, २०१७ चा ८७००के, मेनस्ट्रीममधले सगळे पेस्टवाले. मध्ये २०१४ ला ४७९०के मध्ये जरा बरी पेस्ट भरली पण होती ती पेस्टच. हद्द म्हणजे २०१७ च्या स्कायलेक-एक्समध्ये, म्हणजे त्या महागड्या दहा-दहा कोरवाल्या चिपांमध्ये सुद्धा पेस्टच. शेवटी ऑक्टोबर २०१८ मध्ये ९९००के सोबत सोल्डर परत आलं.

म्हणजे इंटेलने स्वस्तातली पेस्ट भरली म्हणून तापतो, बरोबर?

अर्धं बरोबर. सगळे पेस्टला शिव्या घालतात, पण खरा शत्रू फट आहे. झाकण काळ्या सिलिकॉनच्या गोंदाने चिकटवलेलं असतं, त्या गोंदाचा थर जाड आला की झाकण डायपासून वर उचललेलं राहतं आणि मधली जागा पेस्ट भरून काढते. आता हिशोब बघा, ७७००के चा डाय साधारण सव्वा चौरस सेंटिमीटर. त्यातून १०० वॅट बाहेर काढायचेत. फट धरा एक दशांश मिलिमीटर आणि पेस्टची उष्णतेची वाहकता ५ (वॅट प्रति मीटर-केल्विन) धरा, तर फक्त त्या एवढ्याशा थरात १६ डिग्रीचा फरक पडतो. तीच पेस्ट ठेवून फट अर्धी केली तर ८ डिग्री. आणि त्याच फटीत ७० वाहकतेचं लिक्विड मेटल भरलं तर सव्वा डिग्रीच्याही आत. प्रत्यक्षात इतकं गुळगुळीत गणित नसतं, पण कुठे मार बसतोय ते कळतं.

म्हणूनच वरून हजारो रुपयांचा वॉटर कूलर लावला तरी ७७००के वर फार फरक दिसायचा नाही. उष्णता कूलरपर्यंत सहज पोचतच नाही तर कूलर काय करणार बिचारा. माझं मत विचाराल तर कूलर बदलण्यात पैसे घालणारे निम्मे लोक साप समजून भुई धोपटतात.

किती डिग्री कमी होतात?

पेस्टवाल्या चिपवर, ओव्हरक्लॉक करून, फुल लोडला: १० ते २० डिग्री, एखाद्या नशीबवानाला त्याहून जास्त. माझ्या ७७००के ला १७ चा फरक पडला, तोच कूलर, तीच खोली, तेच व्होल्टेज. नॉर्मल स्पीडला गेम खेळताना फरक कमी दिसतो कारण वॅटच कमी असतात, वरचा हिशोब ५० वॅटला लावून बघा, सगळं निम्म्यावर येतं. आयडलला, म्हणजे पीसी नुसता चालू असताना, तर जवळपास काहीच नाही. "डिलिड केलं, आयडल टेम्परेचर तेवढंच आहे, फसवलं" असं कोणी म्हणत असेल तर त्याने फुल लोडला बघितलेलंच नाही.

स्पीड किती वाढेल?

इथे लोकांची निराशा होते. शंभर-दोनशे मेगाहर्ट्झ, तेही मिळाले तर. टेम्परेचर ही एक भिंत, व्होल्टेज दुसरी आणि तुमच्या नशिबाला आलेली चिप तिसरी. डिलिड पहिलीच भिंत पाडतं. ज्याची चिप ४.८ लाच जास्त व्होल्ट मागते आणि तिथे आधीच थंड आहे त्याला डिलिडने पाच गिगाहर्ट्झ मिळणार नाहीत. मला स्वतःला जास्त आनंद फॅनचा झाला, आधी टेम्परेचर सेकंदात वर-खाली उड्या मारायचं आणि फॅन सारखा भुंकायचा, आता एका सुरात चालतो.

माझ्याकडे एएमडीचा रायझन आहे / इंटेलची बारावी-तेरावी जनरेशन आहे, करू का?

बहुतेकांना उत्तर: नको. पहिल्यापासूनचे मोठे रायझन सोल्डर केलेलेच आहेत (२२००जी, २४००जी हे पेस्टवाले होते, तो अपवाद). सोल्डर इंडियमचं असतं, त्याची वाहकता ८० च्या आसपास, म्हणजे लिक्विड मेटलच्याच रांगेत. चांगलं सोल्डर काढून त्याजागी लिक्विड मेटल भरून दोन-चार डिग्री मिळवायच्या आणि त्यासाठी डाय उपटून येण्याची रिस्क घ्यायची, याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

दोन ठिकाणी मामला वेगळा आहे. एक, ९९००के, तिथे सोल्डर होतं पण डायच जाड होता, त्यामुळे हौशी लोकांनी झाकण काढून डाय चक्क घासून पातळ केले आणि त्याचा फायदा झाला. पुढे १०९००के मध्ये इंटेलने स्वतःच डाय पातळ केला. दुसरं, २०२२ चे रायझन ७०००. एएम४ या जुन्या सॉकेटचे (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) कूलर नव्या एएम५ वरही बसावेत म्हणून उंची तीच ठेवली आणि त्यापायी झाकण चांगलंच जाड झालं. तिथे झाकण परत बसवायचंच नाही, कूलर थेट डायवर टेकवायचा, त्याला डायरेक्ट डाय म्हणतात, आणि जर्मनीच्या डेअरबाउअर नावाच्या प्रसिद्ध ओव्हरक्लॉकरने असं करून २० डिग्रीच्या आसपास फरक दाखवला होता. पण हे ७००० वाले ९५ डिग्रीपर्यंत जायलाच बनवलेत, ९५ दिसलं म्हणजे बिघडलंय असं नाही. इको मोड (वॅटवर मर्यादा घालणारी सेटिंग) चालू करा, टेम्परेचर धाडकन खाली येतं आणि गेममध्ये फरक कळत पण नाही.

बारावी ते चौदावी जनरेशन असेल तर तिथे त्रास वेगळाच आहे, चिप लांबट आणि सॉकेटची पकड मधोमध दाबते त्यामुळे झाकण थोडं वाकतं आणि कूलर नीट टेकत नाही. त्याला कॉन्टॅक्ट फ्रेम मिळते, चार स्क्रू खोलून त्या पकडीच्या जागी बसवायची. डिलिडच्या आधी ती.

डिलिड करण्याआधी अजून काय करून बघू?

व्होल्टेज कमी करा. खूप मदरबोर्ड ऑटोवर वाट्टेल तेवढं व्होल्टेज ढकलतात. पॉवर व्होल्टेजच्या वर्गात वाढते, म्हणजे १.३५ चं १.२५ केलं तर त्याच स्पीडला साधारण १४ टक्के वॅट गेले, फुकटात. कूलर खोलून साफ करा, पेस्ट बदला, केसचे फॅन उलटे लागलेत का बघा (हसू नका, मी दोन जणांकडे बघितलेत). एवढं सगळं करूनही फुल लोडला ९० च्या वर आणि चिप पेस्टवाली, तर मग पुढे वाचा.

ब्लेडने करू का? टूल महाग आहे.

आता ४७७०के ची गोष्ट. मित्राच्या बंद पडलेल्या पीसीतला होता, प्रोसेसर चांगला होता, मी म्हटलं प्रॅक्टिस करू. दाढीचं ब्लेड, आणि भरपूर कॉन्फिडन्स. तीन बाजू मस्त कापल्या, चौथ्या बाजूला जरा जोर लागला म्हणून ब्लेड आत ढकललं, आणि हॅसवेलमध्ये डायच्या बाजूला झाकणाखालीच छोट्या छोट्या पार्टची रांग असते हे मी वाचलेलं होतं पण त्या क्षणी डोक्यातून गेलं. दोन पार्ट ब्लेडसोबत बाहेर. संपला विषय. मित्राला नवीन जुना प्रोसेसर घेऊन दिला, टूलच्या किमतीच्या दुपटीत पडला.

ब्लेडने दोन गोष्टी होतात, एकतर असे पार्ट उडतात नाहीतर प्रोसेसरच्या हिरव्या बोर्डवर (ज्यावर डाय बसवलेला असतो) चरा पडून आतली तार तुटते. दुसरी जुनी पद्धत म्हणजे वर्कशॉपमधल्या व्हाइसमध्ये झाकण पकडायचं, बोर्डाला लाकडाचा ठोकळा लावायचा आणि हातोडीने ठोकायचं. ऐकायला राक्षसी वाटतं, पण आयव्ही ब्रिज-हॅसवेलवर चालायचं ते. स्कायलेकपासून बोर्डच पातळ झाला, तिथे हातोडी म्हणजे बोर्ड वाकलाच.

टूल म्हणजे डिलिड डाय मेट किंवा रॉकिट ८८ असले साचे. चिप साच्यात बसते, स्क्रू फिरवला की झाकण एका बाजूला सरकतं, कट्ट असा आवाज येतो (त्या आवाजाला काळीज तोंडात येतं, पण तो गोंद सुटल्याचा आवाज आहे, घाबरू नका). पाच मिनिटांचं काम. एकदाच वापरायचंय तर विकत घेऊ नका, ओळखीत कोणाकडे तरी असतं, चहा पाजून मागून आणा. पण टूल तुमच्या सॉकेटचंच पाहिजे, इंटेलच्या साच्यात रायझन घालून बघू नका.

झाकण निघालं, पुढे?

घाई नको, खरं काम आता आहे. पेस्ट टिश्यू आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. काळा गोंद बोर्डवरून आणि झाकणाच्या कडेवरून पूर्ण निघाला पाहिजे, तो राहिला तर फट तशीच राहील आणि सगळी मेहनत पाण्यात, वरचा हिशोब आठवा. जुनं एटीएम कार्ड तिरकं कापून त्याने खरवडा, नाहीतर आइस्क्रीमची काडी. धातूचं काही वापरू नका, आणि गोंद सहज निघत नाही, अर्धा तास जातो, एखादं किशोरकुमारचं गाणं लावून बसा.

मग डायच्या आजूबाजूला जे बारीक पार्ट किंवा सोनेरी ठिपके असतील त्यांच्यावर पारदर्शक नेलपेंटचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. लिक्विड मेटलमधून करंट जातो, एक थेंब चुकीच्या जागी गेला तर शॉर्ट. घरी नेलपेंट मागितल्यावर जे बोलणं ऐकावं लागतं ते ऐका.

लिक्विड मेटल किती आणि कसं लावायचं?

तुम्हाला वाटतंय त्याच्या पाव. टाचणीच्या डोक्याएवढा थेंब एका डायला पुरतो. सिरिंज दाबताना आधी काहीच येत नाही आणि मग एकदम पिचकारी मारते, त्यामुळे पहिला थेंब टिश्यूवर काढा, डायच्या वर धरून कधीच दाबू नका. सुरुवातीला ते पाऱ्यासारखं गोळा होऊन पळतं, डायला चिकटतच नाही, लोकांना वाटतं कमी पडलं म्हणून अजून टाकतात, तिथेच चूक होते. इअरबडने हळूहळू घासत राहा, एक-दोन मिनिटांत ते पकडतं आणि डाय आरशासारखा होतो. झाकणाच्या आतल्या बाजूला डाय जिथे टेकतो तेवढ्या चौकोनात पण तसाच पातळ हात. थेंब हलताना दिसला तर जास्त झालंय, इअरबडने उचला.

आणि अॅल्युमिनियमपासून लांब. लिक्विड मेटलमध्ये गॅलियम असतं, ते अॅल्युमिनियमच्या आत शिरून त्याचा भुगा करतं, अक्षरशः बिस्किटासारखा. म्हणूनच विमानाच्या कार्गोमध्ये गॅलियम धोकादायक मालात धरतात. तांब्यावर चालतं पण डाग पडतो आणि तांबं ते हळूहळू पितं, निकेलवर सगळ्यात छान. झाकणाच्या वर आणि कूलरच्या मध्ये मात्र साधी चांगली पेस्टच लावा, तिथे जागा मोठी आहे त्यामुळे लिक्विड मेटलचा फायदा नगण्य, आणि वरचा कोरलेला नंबर पण पुसला जातो.

लिक्विड मेटल नको, भारीतली पेस्ट भरली तर?

चालेल, गोंद साफ केल्यामुळे फट कमी होते तर फायदा मिळतोच, थोडा कमी मिळतो. पण एवढ्या छोट्या तापणाऱ्या डायवर साधी पेस्ट काही महिन्यांत बाजूला सरकते आणि टेम्परेचर परत चढतं. मला विचाराल तर एवढं उघडलंच आहे तर लिक्विड मेटलच लावा. प्लेस्टेशन ५ मध्ये सोनी फॅक्टरीतूनच लिक्विड मेटल लावून देते, म्हणजे हा काही फक्त वेड्या लोकांचा उद्योग नाही.

झाकण परत कसं चिकटवायचं?

गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काळं आरटीव्ही सिलिकॉन मिळतं, इंजिनाच्या गॅस्केटला लावतात ते. चार कोपऱ्यांवर तांदळाच्या दाण्याएवढं, बस. पूर्ण चौकट भरली की परत फट तयार, आणि एका बाजूला थोडी जागा मोकळी सोडायची असते आतली हवा निघायला, कंपनीच्या गोंदात पण ती असते. झाकण ठेवल्यावर टूलच्या क्लॅम्पमध्ये रात्रभर दाबून ठेवा. काही जण गोंद लावतच नाहीत, सॉकेटची पकड धरून ठेवते म्हणतात, ठेवते पण, फक्त लिव्हर दाबताना झाकण मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतं, तेव्हा बोटाने धरावं लागतं.

चालू केला, एक कोर बाकीच्यांपेक्षा १२ डिग्री जास्त दाखवतोय.

डायच्या त्या कोपऱ्याला मेटल नीट लागलेलं नाही किंवा झाकण तिरकं बसलंय. दोन-चार डिग्रीचा फरक सगळ्यांचा असतो, तो सोडून द्या. दहाच्या वर असेल तर परत उघडा, दुसऱ्या वेळी सोपं जातं. स्क्रीनच येत नसेल तर घाबरण्याआधी प्रोसेसर काढून खालच्या पॅडवर सिलिकॉन किंवा मेटल लागलंय का बघा, बहुतेक वेळा तेच असतं.

वॉरंटी?

गेली. इंटेल-एएमडी बॉक्सवाल्या प्रोसेसरला साधारण ३ वर्षं देतात आणि झाकण उचकटलेला प्रोसेसर ते घेत नाहीत. गंमत म्हणजे ज्यांना डिलिडचा खरा फायदा आहे त्या सगळ्या पेस्टवाल्या चिपांची वॉरंटी केव्हाच संपलीये, त्यामुळे हा प्रश्न आता फक्त नव्या चिपांना, आणि त्यांना मी वर नको म्हटलंच आहे.

सेकंड हँड घेताना डिलिड केलेला कसा ओळखायचा?

झाकणाची कड आडवी धरून बघा. कंपनीचा गोंद एकसारखा असतो, घरचा कुठे आहे कुठे नाही असा. झाकण किंचित तिरकं, कडेला चंदेरी डाग, नंबर पुसट, यातलं काही दिसलं तर विचारा. डिलिड केलेला आहे म्हणून सोडून देऊ नका, नीट केलेला असेल तर उलट चांगला, पण समोर लोड टेस्ट लावून सगळ्या कोरचं टेम्परेचर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. विकणारा टेस्ट लावायला आढेवेढे घेत असेल तर चहा पिऊन घरी या.

आमच्याकडे अकोल्यात मे महिन्यात खोलीच ४० ला असते, डिलिडने खोली तरी थंड होईल का?

नाही हो. चिप १०० वॅट खाते तर १०० वॅट खोलीत येणारच, झाकणाखाली पेस्ट असो की मेटल. डिलिडने फक्त चिप आणि झाकणाच्या मधला अडथळा जातो. आणि सगळे कूलर खोलीच्या हवेवरच चालतात, खोली २५ ची ४० झाली की चिप पण १५ ने वर. डिसेंबरात ७० दाखवणारी मेमध्ये ८५ दाखवते, यात बिघाड काही नाही. माझं ओव्हरक्लॉकचं प्रोफाइल बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) दोन नावांनी सेव्ह आहे, एक हिवाळा आणि एक उन्हाळा, होळी झाली की बदलतो.